मुक्काम उंबरफळी

१८ मार्च

निवडलं! मला निवडलं!

आमच्या पाड्यावर फोनला रेंज नाही. गोवालच्या बोटीत बसून धरणाच्या पार मधोमध गेलं की एक दांडी येते. आज तिथंच मेसेज वाजला. मी अशी उडी मारली की गोवाल ओरडला, "रुपे, खाली बस! बोट उलटली तर तुला मासे शिकवतील रग्बी."

गायत्री मॅडम नंदुरबारच्या कॉलेजात माझ्या कोच होत्या. फॉर्म त्यांनीच भरला होता. लाओस नावाचा देश आहे, थायलंडच्या शेजारी. तिथल्या डोंगरातल्या मुलामुलींना सहा महिने रग्बी शिकवायची. पगार नाही. राहणं, जेवण, तिकीट त्यांचं. एकच अट, पासपोर्टची कॉपी ३१ मेच्या आत त्यांच्या हातात पाहिजे. नाहीतर माझी जागा दुसरीला.

मॅडम म्हणाल्या, रोज लिहायची सवय लाव, तिकडं रिपोर्ट द्यावे लागतात. म्हणून ही वही. रोज काही मी लिहिणार नाही, आधीच सांगते.

२० मार्च

घरी सांगितलं. याहा, म्हणजे माझी आई, भाकरी थापत होती. म्हणाली, "फुकट काम करायला एवढ्या लांब? फुकटच करायचं तर आपल्या डोंगरात काय कमी आहे?"

मी म्हटलं, इथलं फुकट चोवीस वर्षं केलं, आता तिथलं करते. याहानं पीठ लागलेल्या हातानंच पाठीत धपका घातला.

खरं काय ते वहीत लिहायला हरकत नाही. तिथल्या मुलांचं भलं वगैरे मुलाखतीत बोलले मी. पण मला विमानात बसायचंय. आणि जिथं कुणी माझ्याकडं बघून 'अरेरे, बुडितातली' म्हणणार नाही, अशा गावात जायचंय. बस्स.

आबा, म्हणजे माझा बाप, शेजारीच जाळं विणत बसला. शेवटी एवढंच विचारलं, "पासपोर्टाला काय काय लागतं?"

२६ मार्च

खापरच्या बाजारात गेले. भूपेशभाईचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. नाव, जन्मतारीख सगळं पटापट टाकलं. पत्त्यापाशी आला आणि थांबला.

"उंबरफळी? मणिबेलीनी बाजूले? रुपाताई, तठे पोलीस येस का चौकशीले? बोटमा बसीसन? वसाहतना पत्ता टाकू. तुन्हा काका तठे ऱ्हास ना? मी आधारबी बदली देस. आठ दिनमा काम खलास."

मी म्हटलं, भूपेशभाई, मी राहते तिथलाच पत्ता टाका.

"सगळा लोके तसंच करतस, ताई."

"मग सगळ्यांचा पासपोर्ट निघाला असेल. माझा माझ्या पत्त्यावर काढा."

टाकला त्यानं, पण कपाळावर आठ्या घालून.

सोपं असतं तर मीही टाकला असता वसाहतीचा पत्ता, खोटं कशाला बोलू! पण आमच्यात एक शपथ आहे. माझ्या जन्माच्या आधी धरणाचं पाणी चढलं, खालचं गाव गेलं. बरेच लोक सरकारनं बसवलेल्या वसाहतीत गेले, काकाही गेला. पंधरा घरं वर सरकली, पण गेली नाहीत. त्या पंधरा घरांनी मूठभर ज्वारी हातात घेऊन शपथ खाल्ली, की आम्ही इथंच राहणार, आणि दुसरीकडं राहतो असं कुठल्याही सरकारी माणसाला सांगायचं नाही. प्रत्येकाच्या हातात ज्वारी ठेवली ती आबानंच. मोडली तर काय, हे मी कधी विचारलं नाही. कुणी मोडलीच नव्हती.

आणि नुसती शपथ नाही, गरजही आहे. वरच्या जमिनीसाठी आबानं दोनदा दावा केला. दोन्ही वेळा कागद परत आला, 'सदर ठिकाणी वस्ती नाही.' आबा हे वाक्य मला वाचायला लावतो आणि दर वेळी विचारतो, "मग हे पत्र त्यांनी पाठवलं कुणाला?"

३ एप्रिल

पाणी उतरलं की खाली गाळाचं सपाट रान उघडं पडतं. कडेचा गाळ वाळला की पळायला एवढी मऊ जागा अख्ख्या जिल्ह्यात नाही. पडलं तरी कुणाचं ढोपर फुटत नाही. लाओसवाल्यांना मी शिकवतानाचा व्हिडिओ पाहिजे होता, म्हणून पोरं जमवली. आश्रमशाळेतून सुटीवर आलेल्या अकरा पोरी, पाच पोरगे.

चेंडू फक्त मागं टाकायचा, हे कुणाला पटेना. माझा मावसभाऊ मिथुन म्हणाला, "पुढं जायचंय तर मागं कशाला टाकू?" मी म्हटलं, नियम आहे. तो म्हणाला, "कुणाचा?" च्यायला, माझंच रक्त!

दिवली सगळ्यात लहान, अकरा वर्षांची. मिथुनच्या कमरेला अशी मिठी मारली की तो धाडकन आडवा. मग दोन्ही बाजूंची पोरं धावली आणि त्याला उचलून अंग झाडायला लागली. मी शिट्टी फुंकून फुंकून थकले. अरे, त्याला नका उचलू, चेंडू उचला! तोवर चेंडू घरंगळत पाण्यात. गोवालनं बोट घालून आणला.

व्हिडिओ पाठवला. तिकडच्या बाई म्हणाल्या, फार छान, मैदान कुठलं? मी म्हटलं, धरणाच्या पोटातलं. त्यांना वाटलं माझं इंग्रजी चुकलं.

१० एप्रिल

पासपोर्टच्या केंद्रात जाऊन आले. फोटो, बोटांचे ठसे. फोटोत मी भांडायला उभी असल्यासारखी दिसते. असू दे.

आता फक्त पोलिसांची चौकशी राहिली.

१६ एप्रिल

ठाण्यात बोलावलं होतं. हवालदार राजेंद्र म्हणून आहेत, तापीकाठच्या गावचे, मिशी छान, पाय टेबलावर. माझा कागद बघून म्हणाले, "उंबरफळी? हाई गाव शे का अजून?"

"मी तिथूनच आले, साहेब."

"हाई देख पोरी, इलेक्शन ड्युटी लागेल शे. बोटमा बसीसन तठे कोन येई? माले पोहता बी नही येस. तुन्हा घरना मोठा मानूस येऊ दे. तो सांगी की पोर काकाकडे वसाहतमा ऱ्हास, ते मी मोटरसायकलवर येस, सही लेस, पत्ता बदलीसन पाठाडी देस."

"मी तिथं राहत नाही."

"मंग मी लिखसू, अर्जदार पत्त्यावर मिळाली नही."

"तुम्ही पत्त्यावर आलात तर मिळेन ना!"

ते हसले. मला हसण्यासारखं काही दिसलं नाही. मी म्हटलं, मी वाट बघते, या. खुर्ची मागं सरकवून बाहेर आले. पायऱ्या उतरेपर्यंत मान ताठ होती. एस.टी.त बसल्यावर रडले.

घरी येऊन सगळं सांगितलं. आबानं दोनदा विचारलं, "मोठा माणूस म्हणजे कोण? बाप चालतो?"

मी म्हटलं, विषयच नाही, सोड.

१९ एप्रिल

जाऊ दे म्हणावं का? एक सही. शपथ खाल्ली त्यांनी, मी तेव्हा जन्मले पण नव्हते. हे मी आज तीनदा मनात म्हटलं आणि तिन्ही वेळा स्वतःचाच राग आला. पण म्हटलं, हे खरं आहे.

२४ एप्रिल

आबा दोन दिवस गायब. तालुक्याला गोऱ्हा बघायला गेला होता म्हणे. गोऱ्हा काही आणला नाही. दाढी मात्र करून आला. गोऱ्हा बघायला दाढी कशाला लागते?

मी विचारलं तर माझ्यावरच खेकसला, "तू तुझा चेंडू बघ."

त्याला मी जायला नकोय, हे आता उघड आहे. बोलत नाही, पण नकोय.

२८ एप्रिल

रंजनाबाईच्या पोराचं लग्न. पंधराही घरं जेवायला. आबा पंगतीत बसला नाही. एकटाच महुड्याच्या झाडाखाली, स्वतःच्या पानावर, घरून आणलेली भाकरी खात होता. कुणी त्याला बोलावलं पण नाही! दिवाल्याबाबा पाड्यात सगळ्यात थोर, आबाचा जिवाभावाचा मित्र, तोसुद्धा खाली मान घालून जेवत होता. मी हाक मारायला उठले तर याहानं हात धरून खाली बसवलं.

हा म्हातारा माझ्यावरचा राग साऱ्या गावापुढं दाखवतोय. पोरगी परदेशी जाते म्हणून एवढा तमाशा! मीपण त्याच्याशी बोलणं सोडलंय. बघू कोण हरतं.

३ मे

आबा आज आपणहून बोलला. परवा वसाहतीत काकाकडं जा म्हणाला, काकूला बरं नाही, दोन दिवस भाकरी करायला कुणी नाही. मी म्हटलं, जाते. बोलला तरी. मी जिंकले.

५ मे

काकूला काही धाड भरली नव्हती. अंगणात मिरच्या वाळवत होती.

मी पाणी पितेय तोच मोटरसायकलचा आवाज. हवालदार राजेंद्र. काकानं लगेच खुर्ची आणली, म्हणजे याला ठाऊक होतं. हवालदारानं कागद काढून माझ्यापुढं धरला. पत्त्याच्या जागी वसाहत.

"हं, सही कर पोरी. झालं तुन्हं काम."

"मी इथं राहत नाही."

"आते नाटक नको करू. तुन्हा बाप सोता उना व्हता ठाण्यामा. चोवीस तारखेले. आंगठा दिसन सांगी गया, पोर लहानपनपासून वसाहतमा ऱ्हास म्हनीसन."

गोऱ्हा. दाढी.

काका म्हणाला, "कर ना बेटा. तुझ्या बापानं तुझ्यासाठी केलंय."

पेन माझ्या हातात होतं. सगळं लिहायचं तर हेही लिहिते, की पेनचं टोपण मी काढलं होतं. मग मला आबा ठाण्यात उभा दिसला, टोपी हातात घेऊन, ह्या माणसापुढं. ज्यानं 'वस्ती नाही'चं पत्र आणणाऱ्याला कधी बस म्हटलं नाही, तो.

मी टोपण लावलं आणि पेन हवालदाराच्या खिशाला अडकवलं. "माझ्या बापाला म्हातारपणी चळ लागलाय. मी उंबरफळीत राहते. चौकशी करायची तर तिथं या."

"येडी शे का तू? परदेशनी संधी जाई ऱ्हायनी!"

"जाऊ दे."

बोलून गेले. आणि पहिल्या बोटीनं घरी आले. बोटीत गोवालला वाटलं मी गाणं म्हणतेय, पण मी शिव्या देत होते.

६ मे

आबाला अंगणातच गाठलं. काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. वस्ती नाही म्हणणाऱ्यांना तूच अंगठा दिलास, आता दाव्याचं काय, तुझ्या ज्वारीचं काय, सगळं. तो जाळ्याच्या एका गाठीशी खेळत होता.

म्हणाला, "दाव्याचं वय झालंय. तुझं अजून व्हायचंय."

मी म्हटलं, मला नको तुझी मेहरबानी.

तेव्हा याहा बाहेर आली आणि पहिल्यांदा माझ्यावर ओरडली. तिनं सांगितलं, ठाण्यातून परत आला त्याच संध्याकाळी आबानं दिवाल्याबाबाच्या घरी जाऊन मूठभर ज्वारी त्याच्यापुढं ठेवली होती. म्हणाला, शपथ मोडून आलोय, ही घे परत. ज्यानं ज्वारी परत दिली तो गावाच्या पंगतीत बसत नाही, गाव बोलावेपर्यंत. हा नियमही आबानंच घातलेला, तीस वर्षांपूर्वी. वापरायची वेळ पहिल्यांदा आली, ती त्याच्यावरच.

मी लग्नात भरपेट जेवले होते. दोनदा भात घेतला होता.

८ मे

सही केली नाही म्हणून आबा माझ्याशी बोलत नाही. माझ्यासाठी जे दिलं ते मी वाया घालवलं म्हणे. मी बोलत नाही कारण त्यानं ते दिलंच का. याहा दोघांच्या मधे भाकरी आदळते.

पोरांना शिकवलं. आज जोरात शिकवलं.

९ मे

गोवालनं बातमी आणली. मतदानाची बोट बारा तारखेला येणार. बूथ आमच्याच शाळेच्या झोपडीत. मशीन, दोन मास्तर, आणि बंदोबस्ताला हवालदार राजेंद्र!

मी खदाखदा हसले. याहाला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला.

१२ मे

पाणी आता फार खाली गेलंय. बोट जिथं थांबते तिथून काठापर्यंत दोनशे पावलं ओला गाळ. गावानं सकाळी लाह केली. लाह म्हणजे एकाचं काम सगळ्यांनी मिळून करायचं. बांबूचे तट्टे टाकून वाट केली. आबाही तट्टे वाहत होता, सगळ्यांच्या मागं, एकटा.

बोट लागली. मास्तर लोक मशीन छातीशी धरून तट्ट्यांवरून नीट आले. हवालदार मधेच थांबले. तट्टा हलतो म्हणे. बाजूला वरून वाळलेलं, भेगा पडलेलं दिसत होतं, तिकडं त्यांनी पाय टाकला. मी ओरडले, "साहेब, तिकडं नको!"

"माले शिकाडू नको..."

एवढं बोलेपर्यंत मांडीपर्यंत आत. दुसरा पाय टाकला, तोही. जितके हलले तितके खाली.

गावातले पुरुष हसत उभे. हसू मलाही आलं, पण माणसाचा चेहरा पांढरा पडला होता. पोहता येत नाही, हे मला आठवलं. मी शिट्टी फुंकली. पोरी धावत आल्या. "तट्टे घाला! आडवं झोपा! कमरेला धरा, खाली वाका, एकदम ओढायचं!" अकरा पोरी एकमेकींच्या कमरेला धरून. दिवली सगळ्यात पुढं, हवालदाराच्या पट्ट्याला लोंबकळलेली. तिसऱ्या ओढीत ते बाहेर आले. एक बूट आतच राहिला.

काठावर बसवून याहानं पाणी दिलं. धापा टाकत म्हणाले, "हाई काय शिकाडस तू पोरीसले?"

"रग्बी. तिकडं परदेशात हेच शिकवणार होते."

ते चिखल पुसत राहिले.

१३ मे

मतदान झालं. आमच्या सगळ्या घरांनी केलं. आबानं शाईचं बोट मला दाखवलं नाही, अजून रुसवा.

संध्याकाळी मशीन बंद झालं, सगळी शाळेपुढं जमली. मी हवालदारापुढं उभी राहिले. "साहेब, मतदार यादीत मी इथं राहते, बोटाला शाई लावायला सरकार बोटीनं येतं. मग पासपोर्टपुरती मी कुठं जाते? तुम्ही आता माझ्या पत्त्यावर आहात. मी मिळाले का?"

कुणीतरी हसलं. हवालदार घसा खाकरून म्हणाले, "मी लिखी टाकसू. पन तुन्हा बापना आंगठा शे मन्हाजोडे, त्यानं काय करू?"

सगळे आबाकडं बघायला लागले. मला वाटलं, जमीन दुभंगावी. त्याला हे सगळ्यांसमोर बोलावं लागावं अशी माझी इच्छा नव्हती. मी म्हणणारच होते, राहू द्या, नको मला काही.

आबा पुढं आला. टोपी डोक्यावरच होती. त्याच्या मोडक्या मराठीत म्हणाला, "मी खोटं बोललो. पोरगी इथं राहते. मी इथं राहतो. हे सगळे इथं राहतात. लिहा."

हवालदारांनी एकाच पायात बूट घालून, शाळेच्या बाकावर बसून लिहिलं. साक्षीदार म्हणून दोन शेजारी लागतात. पंधरा घरं पुढं आली. "दोनच लागतस रे बाबा," हवालदार म्हणाले, पण मागं कुणी सरेना. शेवटी कागदाच्या पाठीमागं सगळ्यांचे अंगठे झाले.

बोट गेल्यावर दिवाल्याबाबानं धोतराच्या कनवटीतून ज्वारी काढली आणि आबाच्या हातात ओतली. त्यानं सवंगड्याला एक कचकचीत शिवी पण दिली. आज रात्रीचं जेवण आबानं पंगतीत केलं. मी वाढलं.

३० मे

पासपोर्ट आला. एकच दिवस उरलेला असताना! मूळ माणसाच्याच हातात द्यायचा म्हणून पोस्टमनला बोटीनं यावं लागलं. त्याला आम्ही तट्ट्यावरूनच आणला. मी लगेच गोवालच्या बोटीत बसून मधोमध गेले आणि कॉपी पाठवली. 'मिळाली' असं उत्तर येईपर्यंत तिथंच थांबले. गोवाल बिचारा उन्हात करपला.

मग आबाला शेवटचं पान वाचून दाखवलं. मुक्काम उंबरफळी. त्यानं पुन्हा वाचायला लावलं. मग याहाला बोलावून पुन्हा. मग म्हणाला, "हे त्यांनीच छापलंय? आपण नाही?"

त्यांनीच, आबा.

३ जून, खापर

एस.टी.ला अर्धा तास आहे. बॅग पायाशी. सहा महिने, भाषा येत नाही, आणि तिथल्या पोरांनी विचारलं, मागं कशाला टाकायचं, तर अजूनही मला धड उत्तर येत नाही. पण जातेय.

आबा सोडायला आलाय. आल्या आल्या आधी झेरॉक्सच्या दुकानात घेऊन गेला. शेवटच्या पानाच्या पंधरा झेरॉक्स काढल्या, प्रत्येक घराला एक. सगळी घरं आपापल्या दाव्याला जोडणार आहेत. मी म्हटलं, आबा, हा पत्ता माझा आहे, त्यांच्या दाव्याला कसा चालेल? आबा म्हणाला, "तू काय तिथं एकटी राहतेस?"

निरोपाचे दोन शब्द बोलेल असं वाटलं होतं. कसलं काय! झेरॉक्सचा गठ्ठा हातात आल्यापासून त्याला मी दिसतच नाहीये. भर बाजारात, मिरचीवाल्याला, चपला शिवणाऱ्याला, कॉलेजच्या पोरांना, जो दिसेल त्याला थांबवून ते पान पुढं धरतोय आणि सांगतोय, "वाच. मोठ्यानं वाच."